तिसरा सेल

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचा लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीचा पॅक चार्जरला जोडला की छोट्याशा निळ्या पडद्यावर तीन आकडे उमटतात, आतल्या तीन सेलचे व्होल्ट. ३.७४. ३.७५. ३.६८. बाकी सगळं नेहमीसारखंच असतं. पॅकचं आवरण हाताला गार लागतं, चार्जरचा पंखा अजून फिरू लागलेला नसतो, पिवळा एक्सटी-६० प्लग बसताना तोच ओळखीचा घट्टपणा जाणवतो. तरी बोट ‘स्टार्ट’पर्यंत जातं आणि तिथेच थांबतं. तिसरा आकडा खुपतो. फरक केवढा, तर सात शतांश व्होल्ट. एवढ्याने काही विमान कोसळत नाही. बटण दाबलं तर चार्जर कुरकुर न करता कामाला लागेल, दीडेक तासाने तिन्ही जागी ४.२० दाखवेल आणि फरक कधी नव्हताच असं वाटेल. पण आणखी दोन उड्डाणं झाली की तो पुन्हा दिसतो, त्याच तिसऱ्या जागी, आता नऊ शतांशांचा. चपलेत शिरलेल्या खड्यासारखा तो बोचत राहतो. चालता येतं, पण लक्ष सारखं तिकडेच.

लिपोचा आकडा वाचायला थोडं शिकावं लागतं, कारण तो सरळ चालत नाही. पूर्ण भरलेला सेल ४.२० व्होल्टवर असतो, आणि विश्रांतीत ३.५ च्या खाली गेला की रिकामाच समजायचा. मधली वाट मात्र घाटासारखी आहे. वरून झपाट्याने उतार, मग लांबलचक पठार आणि शेवटी सरळ कडा. ३.८४ च्या आसपास सेल निम्मा भरलेला असतो. ३.७५ ला पाव उरलेला. ३.६८ ला जेमतेम नऊ-दहा टक्के. म्हणजे पडद्यावर सात शतांश दिसणारा फरक पोटात शिरून पाहिला तर दहा-पंधरा टक्क्यांचा निघतो. २२०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, पॅकमध्ये किती भार मावतो त्याचं माप) पॅकमध्ये तो सहज तीनशे एमएएच भरतो. हाच सात शतांशांचा फरक वर, ४.१० च्या आसपास दिसला असता, तर त्याचा अर्थ वेगळा झाला असता. आणि कड्याच्या टोकाला, ३.५ जवळ दिसला असता तर फारसा काहीच झाला नसता, कारण तिथे दोन टक्क्यांनीही आकडा धाडकन खाली येतो. म्हणून व्होल्टमधला फरक सांगताना तो कुठे मोजला हेही सांगावं लागतं.

हे तीन आकडे दिसतात ते त्या बारीक पांढऱ्या प्लगमुळे. जेएसटी-एक्सएच नाव असलं तरी सगळे त्याला बॅलन्स लीडच म्हणतात. तीन सेलच्या पॅकला त्यात चार तारा असतात, चार सेलच्या पॅकला पाच. दर दोन शेजारच्या तारांमध्ये एक सेल. जाड लाल-काळ्या तारांतून करंट वाहतो, आणि या बारीक तारांतून चार्जर एकेका सेलची नाडी बघतो. घाईच्या वेळी हाच प्लग लावायचा राहतो, किंवा मुद्दाम टाळला जातो. बॅलन्स न करता लावलं की लवकर होतं, हे त्याचं ठरलेलं समर्थन. मग चार्जरला दिसते फक्त बेरीज. ३एस, म्हणजे तीन सेलच्या पॅकची बेरीज १२.६० झाली की तो समाधानाने शिट्टी वाजवतो. ४.२०, ४.२०, ४.२० यांची बेरीज १२.६० होते. ४.२५, ४.२५, ४.१० यांचीही तेवढीच होते. पहिले दोन सेल आपल्या मर्यादेच्या वर गेलेत आणि तिसरा अर्धपोटी आहे, हे बेरजेला कळत नाही. पाच शतांशांनी कुणी लगेच पेट घेत नाही, हे खरं. पण प्रत्येक वेळी थोडं थोडं जास्त भरलेले ते दोन चांगले सेलच आधी फुगू लागतात. पॅक उघडून बघणाऱ्याला मग कोडं पडतं, की आजारी होता तिसरा आणि पोट फुगलं पहिल्याचं, असं कसं?

बॅलन्स लीड लावलेली असली की चार्जर वेगळं वागतो. जो सेल पुढे गेला त्याच्यावरून छोट्या रेझिस्टरमधून थोडा करंट जाळून टाकतो आणि मागच्याची वाट बघतो. साध्या चार्जरची ही जाळण्याची ताकद दोनशे-तीनशे मिलिअँपच्या घरातली असते. तीनशे एमएएचचा फरक असेल तर तासभर त्यातच जातो. पडद्यावर शेवटचे दोन टक्के हलत नाहीत, पंखा घरघरत राहतो, चार्जरच्या बुडाशी ऊब जमते. नवशिक्याला वाटतं चार्जर बिघडला. चार्जर ठणठणीत असतो. तो तिसऱ्यासाठी थांबलेला असतो.

या आवरणाच्या आत काय आहे हे एकदा नीट डोळ्यांसमोर आणलं की हाताला आपोआप जपून वागायची सवय लागते. तांब्याचा पातळ पत्रा, त्यावर ग्राफाइट. ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर कोबाल्टचं ऑक्साइड. दोघांच्या मध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा. हे सगळं घड्या घालून किंवा गुंडाळून एका चंदेरी पिशवीत कोंबलेलं आणि ज्वालाग्राही द्रावणात भिजवलेलं. धातूचा डबा नाही, स्प्रिंग नाही, दाब सोडणारी झडप नाही. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाला असतो तसला पापुद्रा, एवढंच कवच. हलकेपणासाठी हे सगळं सोडून दिलेलं आहे, आणि आपल्यालाही तो हलकेपणाच हवा असतो. तीन सेलच्या २२०० एमएएचच्या पॅकमध्ये साधारण २४ वॅट-तास ऊर्जा मावते. ऐकायला ती फार वाटत नाही. पण तेवढ्यात पेलाभर पाणी खळखळा उकळतं. ही ऊर्जा काही मिनिटांत प्रोपेलरमधून गेली तर खेळ. काही सेकंदांत आतल्या आत सुटली तर ज्वाळा, आणि वर द्रावण जळतं त्याची उष्णता वेगळीच.

लिथियमच्या या जातीचा इतिहासच आगीपासून लांब पळण्याचा आहे. १९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी केलेल्या बॅटरीत निव्वळ लिथियम धातू होता, आणि प्रयोगशाळेतल्या आगी विझवायला अग्निशमन दलाला इतक्यांदा यावं लागलं की शेवटी त्यांनी खास रसायनांचा खर्च वसूल करण्याची तंबी दिली म्हणतात. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणलं, १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी धातूऐवजी कार्बनमध्ये लिथियम साठवणारा सेल बनवला, आणि १९९१ मध्ये सोनीने तो बाजारात आणला. तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. योशिनोंनी आपल्या सेलवर लोखंडी वजन टाकून तो पेटतो का हे तपासलं होतं. या साऱ्या खटाटोपाचा मुद्दा एकच होता. लिथियम धातूच्या रूपात साचू द्यायचं नाही, त्याला ग्राफाइटच्या थरांत निमूट बसवायचं. आणि गंमत बघा, गारठलेला पॅक तसाच चार्जला लावला किंवा पेलणार नाही इतक्या करंटने भरला, की ग्राफाइटला लिथियम आत घ्यायला सवड मिळत नाही. ते पृष्ठभागावर धातू होऊन साचतं, त्याच्या सुया वाढतात, पडद्याला टोचू लागतात. सगळ्या संशोधनाने मोठ्या कष्टाने मागे टाकलेली ती बॅटरी आपण टेबलावर बसल्या बसल्या पुन्हा बनवत असतो.

म्हणून शून्य अंशाखाली चार्जिंग नाहीच. दहाच्या आसपास असेल तर आधी पॅक खोलीत आणून तासभर ठेवायचा. वरची मर्यादा ४५ अंशांची, पण तिकडे न गेलेलंच बरं. उड्डाणानंतरचा पॅक मुठीत धरल्यावर कोमट लागतो. तो हाताला खोलीइतकाच गार लागेपर्यंत थांबायचं, त्याला अर्धा तास लागतो, कधी जास्त. हा अर्धा तास फार जणांना जड जातो.

करंटचं गणित सोपं आहे आणि तरीही चुकतं. एक सी म्हणजे पॅकची क्षमता अँपिअरमध्ये. २२०० एमएएचला २.२ अँपिअर, १३०० ला १.३, ५००० ला ५. पॅकवर मोठ्या अक्षरात छापलेला ‘५०सी’ हा डिस्चार्जचा आकडा आहे, त्याचा चार्जिंगशी काही संबंध नाही, आणि त्या डिस्चार्जच्या आकड्यावरही मी फारसा विश्वास ठेवत नाही. चार्जिंगची मर्यादा लेबलवर बारीक अक्षरांत, बहुधा मागच्या बाजूला, वेगळी दिलेली असते. काही पॅक पाच सीपर्यंत चालतात असं तिथे लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसेल. पण घरी बसून, पुढच्या आठवड्यात लागणारा पॅक तीनपट वेगाने भरण्यात मिळवायचं काय? चार्जरच्या वॅटचीही एक मर्यादा असते. पन्नास वॅटच्या चार्जरला ६एस ५००० चा पॅक पाच अँपिअरने भरायला सांगितलं तर तो होकार देतो आणि गुपचूप दोन अँपिअरच देत राहतो, कारण पंचवीस व्होल्ट गुणिले दोन म्हणजेच पन्नास. अडीच तास झाले तरी होत नाही म्हणून पॅकवर संशय घेण्याआधी हा गुणाकार करून पाहावा.

चार्जर हा हुकमाचा ताबेदार आहे. त्याला सांगितलं की समोर निकेल-मेटल-हायड्राइड, म्हणजे वेगळ्याच जातीची बॅटरी आहे, तर तो ते खरं मानतो. त्या रसायनात भरलं की व्होल्टेज किंचित घसरतं, सेलमागे काही मिलिव्होल्ट, आणि ती घसरण दिसली की चार्जर थांबतो. लिपोमध्ये ती घसरण येतच नाही. मग तो वाट बघत ढकलत राहतो, ४.२०, ४.४०, ४.८०. दोन सेलच्या पॅकला तीन सेल म्हणून सांगितलं तर तो १२.६० गाठायला निघतो, म्हणजे सेलमागे ६.३० व्होल्ट. जास्त व्होल्टेजच्या लिपोचा मोड, जो ४.३५ पर्यंत नेतो, तो साध्या पॅकवर लावणं ही त्यातली सगळ्यात साळसूद चूक, कारण ती पहिल्या दिवशी काहीच दाखवत नाही. फॉस्फेटवाला लिथियम सेल तर ३.६ च्या थोडं पुढे गेला की भरलेला असतो, त्याला लिपोचा मोड लावायचा नाही. नवे चार्जर बॅलन्स लीड बघून सेल मोजतात आणि जुळलं नाही तर अडवतात. हा बॅलन्स लीड कायम लावण्याचा आणखी एक फायदा. तरीही बटण दाबण्याआधी पडद्यावरचे चार शब्द मोठ्याने वाचायची सवय मला सगळ्यात उपयोगी वाटते. लिपो, बॅलन्स, तीन सेल, दोन पूर्णांक दोन अँपिअर. खोलीत कुणी असलं तर हसेल. हसू दे.

जोडण्याचा क्रमही पाठ असलेला बरा. आधी केळीच्या आकाराचे ते दोन पिन, म्हणजे बनाना प्लग, चार्जरमध्ये, लाल लालमध्ये आणि काळा काळ्यात. मग पॅकचा जाड प्लग. मग बॅलन्स लीड. काढताना बरोबर उलट. पॅक आधी जोडला आणि बनाना पिना मोकळ्या लोंबकळत राहिल्या, तर त्या एकमेकींना टेकायला क्षणही लागत नाही. ठिणगी उडते, पिनांवर काळा डाग पडतो, आणि तेवढ्यावर निभावलं तर नशीब. हीच गोष्ट तारा कापताना. पॅकचा प्लग बदलायचा तर एक तार कापायची, सोल्डर करायची, झाकायची आणि मगच दुसरीला हात लावायचा. कात्रीने दोन्ही एकदम कापल्या की कात्रीच तार बनते.

चार्जरमध्ये दोन कुलपं असतात आणि बहुतेक जण ती कारखान्यातून आली तशीच ठेवतात. एक वेळेचं, दुसरं क्षमतेचं. वेळेचं एकशे वीस मिनिटांवर ठेवायला हरकत नाही. क्षमतेचं पॅकच्या क्षमतेच्या दहा-वीस टक्के वर. २२०० च्या पॅकमध्ये अडीच हजार एमएएच शिरले आणि तरी तो भरला नाही, तर जास्तीचे गेले कुठे, हा प्रश्न चार्जरने थांबून विचारायला हवा. हे आकडे पॅकगणिक बदलावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, नाकारत नाही.

आता जागा. याबद्दल इतकं बोललं जातं की पिशवी विकत घेतली की सुरक्षितता आली असं वाटू लागतं. काचतंतूंची ती चंदेरी पिशवी ठिणग्या आणि पेटलेले तुकडे अडवते, पण ज्वाळा आणि धूर तिच्या तोंडातून बाहेर येतात. ती चांगली आहे, अपुरी आहे. खाली काय आहे हे जास्त महत्त्वाचं. सिरॅमिकची लादी, सिमेंटची जमीन, वीट चालते. लाकडी टेबल, सतरंजी, गादी, सोफा नाही. चहूबाजूंना हातभर मोकळी जागा, वर पडदा लोंबकळत नाही, शेजारी कागद नाहीत, थिनरची बाटली नाही, आणि दुसरे भरलेले पॅक तर मुळीच नाहीत. चार्जर पॅकच्या अंगावर ठेवायचा नाही. सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट म्हणजे दार. चार्जिंगची जागा आपल्या आणि दाराच्या मध्ये नको. आणि भिंतीवरचा मुख्य स्विच असा हवा की पेटलेल्या पॅकवरून हात न नेता तो बंद करता येईल.

डबा वापरायचा तर लोखंडी, पण झाकणाचा रबर काढून. बंद डब्यात वायू कोंडला तर डबा फुटतो, आणि मग नुसत्या आगीऐवजी उडणारा पत्राही झेलावा लागतो. आत लादीचा तुकडा, म्हणजे पॅक धातूला टेकणार नाही. तारा बाहेर काढायची खाच कानशीने घासून गुळगुळीत करायची, नाहीतर पत्र्याची धार तारेचं आवरण सोलते आणि आपणच केलेल्या बंदोबस्तात शॉर्ट होतो. मला या सगळ्यात मातीची जाड कुंडी आवडते. तळाला कोरडी वाळू, त्यावर पॅक, आणि वर साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरलेली वाळू अशी टांगलेली, की खाली ज्वाळा उठली तर पिशवी वितळेल आणि वाळू आपसूक खाली पडेल. कुणालाही घरी जमेल असं. वाळू आग विझवते असा मात्र समज नको. सेलच्या आतली ही उष्णता बाहेरच्या हवेवर अवलंबून नसते, तापलेलं कोबाल्ट ऑक्साइड स्वतःच ऑक्सिजन सोडतं. वाळू फक्त ज्वाळेला आवरते आणि उष्णता पिते. ओली वाळू नको.

पण सगळ्यात मोठं उपकरण म्हणजे खोलीतला जागा माणूस.

अतिपरिचयात अवज्ञा, असं म्हणतात. पहिला पॅक चार्जला लावताना माणूस समोर खुर्ची टाकून, डोळ्यांत तेल घालून बसतो. दर पाच मिनिटांनी हात लावून बघतो. दहाव्या वेळी पुस्तक घेऊन बसतो. तिसाव्या वेळी शेजारच्या खोलीत जातो. शंभराव्या वेळी रात्री लावून झोपतो, आणि सकाळी पॅक भरलेला असतो, आणि तेच त्याला बरोबर वाटू लागतं. काही न घडलेल्या शंभर रात्रींचा अर्थ आपण कौशल्य असा लावतो. त्यात माझ्या मते मोठा वाटा चांगल्या पॅकचा असतो. पॅक म्हातारा होतो तेव्हा आपला सराव मात्र त्याच्या तरुणपणीचाच राहतो.

समोर बसून करायचं तरी काय, असं विचारलं जातं. ऐकायचं, हुंगायचं, हात लावायचा. एक सीने चार्ज होणारा निरोगी पॅक तापत नाही, फार तर किंचित कोमट वाटतो. ऊब स्पष्ट जाणवली तर काहीतरी चुकलंय. सेलची बाजू बोटाखाली टणक लागायला हवी. उशीसारखी दबली तर आत वायू आहे. नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा गोडसर, नाकात रेंगाळणारा वास आला तर पापुद्रा कुठेतरी सुटला आहे, आणि तो वास पुन्हा एकदा खात्री करायला जवळ जाऊन घ्यायचा नसतो. अशा वेळी भिंतीवरचा स्विच बंद. पॅक अजून नुसताच फुगत असेल आणि हातात धरण्याइतका गार असेल, तरच लांब पकडीने उचलून उघड्यावर, दगडावर किंवा जमिनीवर ठेवायचा. धूर सुरू झाला असेल तर उचलायचा नाही. तो धूर साधा नसतो. द्रावणातलं फ्लोरिनचं संयुग तापलं की हायड्रोफ्लोरिक आम्लाची वाफ होते, ती डोळे आणि फुप्फुसं जाळते. माणसं बाहेर, दार बंद, अग्निशमन दलाला फोन. बाहेर, वीज तोडलेली असताना, छोट्या पॅकवर भरपूर पाणी ओतणं योग्यच असतं, कारण खरं काम गार करण्याचं आहे. पावडरचं अग्निशामक आजूबाजूचं लाकूड वाचवतं, सेलला थांबवत नाही. आणि ज्वाळा गेली म्हणजे संपलं असं नाही. शेजारचा सेल तासाभरानेही उसळू शकतो.

फुगण्याकडे लोक भीतीने बघतात, किंवा अजिबात बघत नाहीत. दोन्हीच्या मध्ये काही असायला हवं. पूर्ण भरलेला पॅक ‘उद्या जाऊच’ म्हणून ठेवला, उद्याचा परवा झाला, परवाचा महिना, की ४.२० व्होल्टवर तिष्ठत बसलेलं ऑक्साइड द्रावणाला हळूहळू कुरतडतं आणि वायू तयार होतो. पॅक काहीही न करता म्हातारा होतो. म्हणून दोन-तीन दिवसांत वापर नसेल तर स्टोरेज मोड, सेलमागे ३.८० ते ३.८५. उलट बाजूला, रिकामा करून विसरलेला पॅक. दोन व्होल्टच्या खाली गेल्यावर तांब्याचा पत्राच द्रावणात विरघळू लागतो. चार्जर असा पॅक नाकारतो, आणि मग ती प्रसिद्ध युक्ती पुढे येते, की निकेलच्या मोडमध्ये दोन मिनिटं लावून त्याला जागं करा आणि मग लिपोवर टाका. जागा होतो तो. पण विरघळलेलं तांबं पुन्हा जमताना आपल्या जागी परत जात नाही, पडद्याच्या आसपास कुठेही बसतं. चार्जरने दिलेला नकार खोडून काढायची ही हौस मला कधीच समजली नाही.

एका वेळी चार पॅक लावायच्या पाट्याही मिळतात. वापराव्यात, पण सगळे पॅक सारख्याच सेलसंख्येचे असावेत आणि जोडण्याआधी सेलमागचा फरक एक दशांश व्होल्टच्या आत असावा. नाहीतर भरलेला पॅक रिकाम्या पॅकमध्ये विनाअडथळा कोसळतो, चार्जर सुरू होण्याआधीच. आधी जाड प्लग, थोडा वेळ थांबून मग बॅलन्स. आणि ज्याच्या एका सेलवर संशय आहे तो पॅक या पाटीवर कधीच नाही, कारण तिथे चारही पॅकचे तिसरे सेल एकमेकांना जोडले जातात. आजारी कोण हे पडद्यावर कळत नाही. सगळ्यांची सरासरी दिसते.

तर, तो तिसरा सेल.

तो मागे का पडतो याची तीन कारणं असू शकतात, आणि तिघांचे चेहरे वेगळे असतात. क्षमता घटलेली असेल तर तो उड्डाणानंतर सगळ्यात खाली दिसतो, पण चार्ज होताना सगळ्यात आधी ४.२० गाठतो. लहान भांडं लवकर रिकामं होतं, लवकर भरतं. अंतर्गत रोध वाढलेला असेल तर चार्जर तो मोजून दाखवतो. समजा सहा, सहा आणि चौदा मिलिओहम. अशा सेलमधून तीस अँपिअर गेले तर भाऊ साडेपाच वॅटने तापतात आणि हा साडेबारा वॅटने. पण ओझं उतरलं की त्याचा आकडा पुन्हा भावांजवळ येतो. हे मोजमाप दर वेळी साधारण सारख्या तापमानाला आणि सारख्या भरावाला घ्यायचं, नाहीतर आपण फक्त हवामान मोजत असतो. तिसरं कारण सगळ्यात वाईट. सेल बसल्या बसल्या गळत असतो. आत कुठेतरी बारीकसा शॉर्ट आहे आणि त्यातून भार झिरपतो आहे.

ओळखायला धीर लागतो, दुसरं काही नाही. पॅक बॅलन्स करून स्टोरेजला आणायचा. ३.८३, ३.८३, ३.८३. कागदाच्या पट्टीवर आकडे आणि तारीख लिहून पॅकला चिकटवायची आणि तो कुंडीत वाळूवर ठेवून द्यायचा. बॅलन्स लीडला व्होल्टेज दाखवणारा छोटा अलार्म लावून ठेवायचा नाही, तो स्वतःच थोडा थोडा भार पितो आणि तोही सगळ्या सेलमधून सारखा नव्हे. आठवड्याने मोजायचं. तिन्ही जागी तेच आकडे असले तर फरक जुन्या निष्काळजीपणाचा होता, पॅक वापरात ठेवायला हरकत नाही. इथे मात्र ३.८३, ३.८३, ३.७४ निघतात. पठारावरचे नऊ शतांश म्हणजे सात दिवसांत पंचवीसेक टक्के भार, कुणीही न वापरता गेलेला.

आता खंत वाटते ती पहिल्या दोघांची. ते अजून चांगले आहेत, आणि पॅक सोलून तिसरा काढायचा, त्या जागी दुसऱ्या पॅकमधला सेल सोल्डर करायचा हा विचार मनात येतोच. पापुद्र्याशेजारी तापलेलं सोल्डरिंग आयर्न, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर न धरणारं सोल्डर, आणि वय न जुळणारा नवा सेल. नको. मिठाच्या पाण्यात टाकायचा सल्लाही नको. मिठाचं पाणी आधी बाहेरच्या पट्ट्या खातं, जोडणी तुटते आणि भार आत तसाच शिल्लक राहतो. गाडीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब पुरतो. त्याला एक्सटी-६० ची जोडणी करून पॅक उघड्यावर लादीवर ठेवायचा, बल्ब थोडा लांब, कारण त्याची काच चटका देते. पावणेदोन अँपिअर, म्हणजे अर्ध्या भरलेल्या पॅकला अर्धा-पाऊण तास.

सुरुवातीला उजेड पांढरा असतो. बराच वेळ काही बदलत नाही. मग तिसरा सेल कड्यावरून खाली जातो आणि बल्ब एकदम पिवळा होतो, राहिलेल्या दोघांच्या जोरावर काही मिनिटं तसाच टिकतो, नारिंगी होतो, शेवटी फक्त तारेचं वेटोळं लाल दिसतं, तेही हाताने आडोसा केला तर. बल्ब विझला तरी दिवसभर तसाच जोडलेला ठेवायचा. दुसऱ्या दिवशी मीटरवर शून्याजवळचे आकडे बघून प्लगच्या दोन्ही टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी गुंडाळायची, बॅलन्स लीडलाही, आणि पॅक जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्राच्या पिशवीत टाकायचा. तारखेची कागदी पट्टी तशीच राहू दिली तरी चालते.